मागच्या खोलीतली अंबाडी

उंद्री (ता. चिखली)
बुधवार, दुपारची जेवणं झाल्यावर

आदरणीय व्याही भगवंतराव यांना उंद्रीहून किसनरावांचा सप्रेम जय भीम. विहीणबाई महामायाताईंना माझा आणि माझी बहीण बनाबाई हिचा जय भीम. जावईबापू प्रेमानंद आणि त्यांचे धाकटे बंधू चि. अश्वजित यांना अनेक आशीर्वाद (अश्वजितला थोडे जास्तच, कारण पुढे येईल). तुमचा गुडघा कसा आहे? थंडी सरली म्हणजे आता दुखणं कमी असावं. साखर तपासत जा आणि चहा बिनसाखरेचाच पीत जा. देऊळगाव राजाच्या स्टँडवर कोण कसला चहा पितं हे मला इथं उंद्रीत बसून कळतं, जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेला आहे, त्या बाजूच्या प्रत्येक गाडीत माझा माणूस आहे. हे पत्रसुद्धा त्यातलाच एक जण हातोहात आणून देईल. पोस्टावर माझा राग नाही, पण रविवारच्या आत हे तुमच्या हाती पडलं पाहिजे.

कारण परवा तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात की, रविवारी गाडी घेऊन येतो, सूनबाईची पिशवी भरून ठेवा, आणि फोन ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही. भगवंतराव, मी इतकी वर्षं गाडीवर होतो, पण बिनतिकिटाच्या माणसालाही ऐकून घेतल्याशिवाय कधी खाली उतरवलं नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं ही आपल्याकडची रीत आहे. पायलची आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून तर मी बनाबाईला धाडहून बोलावून घेतलं, खोलीला चुना दिला, बाजेला नवी सुतळी विणून घेतली. अशा वेळी भरल्या दिवसांची पोर गाडीत घालून न्यायची म्हणजे मग हे घर कशाला उघडं ठेवायचं, तुम्हीच सांगा. तेव्हा आधी सगळं वाचा. पोलीस माझ्या घरी आले होते हे खरं आहे. मी घरात गांजा लावला होता हे खोटं आहे. मधली हकीकत मात्र जरा लांब आहे, पाणी पिऊन बसा.

पायल माहेरी आली तेव्हा तिची जेवणावरून वासनाच उडाली होती. चिखलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ चांगलं आहे, पण आईचं वजन वाढेना, काहीतरी आवडीचं खाऊ घाला. बनाबाईनं पुरणाचे मांडे केले, मी चिखलीहून पेढे आणले, शेजारच्या खुर्शीदाभाभींनी शेवया पाठवल्या. पोर एक घास खाई आणि ताट सरकवून देई. मग एक दिवस आत्याजवळ हळूच म्हणाली, "आत्या, अंबाडीची भाजी खावी वाटते वो." झालं. आता तुम्हीही वऱ्हाडातले आहात, अंबाडी कधी येते हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात धुऱ्याधुऱ्यावर इतकी उगवते की कोणी फुकट नेत नाही, आणि दिवस लहान झाले की फुलावर येऊन संपते. मी चिखलीचा बाजार पाहिला, धाडचा आठवडी बाजार पाहिला, बुलढाण्याला जाऊन आलो. एका बाईनं तर मला विचारलं की बाबा, दिवाळीनंतर अंबाडी मागणारा माणूस शुद्धीवर आहे का.

अंगणात पेरून पाहिली. वीतभर वाढली नाही तर फूल धरून बसली, आणि उरलीसुरली खुर्शीदाभाभींच्या शेळ्यांनी संपवली (भाभी माणूस सोन्यासारखं, शेळ्या मात्र कोणाच्या म्हणून नाहीत). मग मी मनाशी म्हटलं, लोक घरात आळंबी पिकवतात, केशर पिकवतात, मग अंबाडीनंच काय पाप केलं? पण घरात पीक कसं घ्यायचं हे आपल्या बापजाद्यांना कधी विचारावं लागलं नाही. म्हणून मी मोबाइललाच विचारलं. आता मोबाइलला अंबाडी म्हणून कळेना, तर पावसाळ्यात काढलेला तिच्या पानाचा एक फोटो होता, तो दाखवला आणि विचारलं की असं झाड घरात कसं वाढवायचं. भगवंतराव, मोबाइल नुसता धो धो वाहायला लागला. अमेरिकेतले, कॅनडातले, कुठले कुठले लोक, सगळे आपापल्या घरात तेच लांब बोटांचं, काठाला दाते असलेलं पान वाढवत होते. मला तर गहिवरून आलं. म्हटलं, आपल्या अंबाडीला तिकडं एवढी किंमत आहे आणि आम्हाला पत्ता नाही.

त्यातला एक दाढीवाला मी गुरू केला. छातीपर्यंत दाढी, डोळे कायम अर्धे मिटलेले, बोलणं अतिशय सावकाश आणि मधूनमधून आपलं आपणच हसणं. मला वाटलं, विपश्यना करत असावा. त्याचं इंग्रजी मला अर्धंच कळे, पण हात काय करतात ते दिसत होतं. त्याच्या टोपीवर अंबाडीचं पान, गंजीफ्रॉकवर अंबाडीचं पान, चहाच्या कपावरही तेच. अमेरिकेच्या माणसानं अंबाडी डोक्यावर मिरवावी आणि आम्ही तिला गरिबाची भाजी म्हणून पाहुण्यांच्या ताटात वाढायला लाजावं, याचा मला भलता राग आला. धाडच्या बाजारात हिंडताना एका गाड्यावर तसल्याच पानाचा टीशर्ट दिसला. घेतला. तोच घालून पायलला तपासणीला नेलं. चिखलीच्या स्टँडवर कॉलेजची दोन पोरं मला हात जोडून गेली (मला वाटलं, वऱ्हाडाचा अभिमान अजून शिल्लक आहे), आणि डॉक्टरीणबाईंनी पायलला बाहेर बसवून मला विचारलं की काका, तुम्हाला झोप बरी लागते ना.

आता शेतीचं ऐका. मागची खोली, जिथं सोयाबीनची पोती असायची, ती रिकामी केली. दाढीवाल्यानं भिंतींना चमकता कागद लावला होता, म्हणजे उजेड वाया जात नाही. तसला कागद उंद्रीत कुठला मिळायला? पण पायलच्या लग्नातल्या चंदेरी पत्रावळी माळ्यावर उरलेल्या होत्या (तुमच्याकडून वऱ्हाड जरा कमी आलं होतं, हे मी त्या वेळी बोललो नाही). त्या सगळ्या चिकटवल्या. अन्वरभाई, म्हणजे खुर्शीदाभाभींचे मालक, वायरिंगचं काम करतात, त्यांनी ऑनलाइन मागवलेले जांभळे दिवे बसवून दिले. दिवे लागले तसे खिडकीतून जांभळा उजेड गल्लीत पडायला लागला आणि गावाला काम मिळालं. कोणी म्हणे किसनरावांनी कोंबडीची पिल्लं काढायचं मशीन आणलं, कोणी म्हणे बनाबाई ब्यूटी पार्लर टाकून राह्यली. बनाबाईनं हे ऐकल्यावर आरशासमोर थोडा वेळ काढला, असा माझा संशय आहे.

पहिली पेरणी मी मायेनं मारली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, झोपायच्या आधी सहज म्हणून पाणी. रोपं पिवळी पडून आडवी झाली. शेतात पाणी कमी पडलेलं पाहून ज्याचा जन्म गेला, त्याला पाणी जास्तही होतं हे समजायला वेळ लागतो. दुसरी पेरणी दिव्यांनी भाजली, कारण मी दिवे अगदी डोक्यावर टेकवले होते. मग मी बैठकीतला कूलर उचलून तिकडं नेला. बनाबाई म्हणाली, "अंबाडीले कूलर अन मले पदराचा वारा? आपल्या पोरीनं तरी असे लाड पाह्यले होते का?" पण तिसऱ्या पेरणीला मी हात आवरला. बोट मातीत खुपसून पाहायचं, कोरडी लागली तरच पाणी. शेंडे खुडायचे म्हणजे बाजूला फुटवे येतात, हे दाढीवाल्यानं दाखवलं. रोज बराच वेळ दिवे लावून ठेवायचे म्हणजे झाडाला वाटतं अजून पावसाळाच आहे, हेही त्याचंच. दाढीवाला झाडांना गाणी ऐकवी, म्हणून मी मोबाइलवर भीमगीतं लावून ठेवी. भगवंतराव, खोटं नाही सांगत, अशी अंबाडी तुम्ही धुऱ्यावर पाहिली नसेल. पान हाताएवढं, काळं हिरवं, कवळं. मी सकाळी चहाचा कप घेऊन त्या चंदेरी खोलीत जाऊन बसायचो आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा मला असं वाटायचं की आपली गाडी वेळेवर चालली आहे.

एकाच गोष्टीवरून गुरूचं आणि माझं बिनसलं. त्यानं शेवटी झाडं फुलावर आणली, पानं कात्रीनं कापून कचऱ्यात टाकली आणि नुसती फुलं वाळवून बरण्यांत भरली. माझं डोकंच फिरलं. काऊन बे, मुख्य खायचं तेच फेकतो? मी त्याच्या व्हिडिओखाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की साहेब, पान हीच भाजी आहे, ज्वारीच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालून पाहा. त्यानं हसरे चेहरे पाठवले. मग मी लिहिलं की माझी गरोदर मुलगी हेच खायला आतुर आहे, झाडं लवकर तयार करायला काय करू? त्यावर मात्र तो एकदम जागा झाला. नको, भाऊ, नको, आधी डॉक्टरला विचार, असं मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलं. मला वाटलं, त्यांच्यात पोटुशी बाईला आंबट चालत नसेल. प्रत्येक देशाची रीत निराळी.

पान तयार झालं त्या आनंदात मी टीशर्ट घालून, झाडांच्या मधोमध उभं राहून, जांभळ्या उजेडात फोटो काढला आणि आपल्या दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, घरातलं पहिलं पीक, पायलला रविवारपासून सुरू करतो, देऊळगावलाही पाठवतो. इथंच घात झाला. तुमचे अश्वजित पोलीस भरतीचा अभ्यास करतात, त्यांना ते पान पुस्तकात शिकवलेलं. त्यांनी पुढं कोणाला काय सांगितलं हे मी विचारत नाही. पोरानं वहिनीच्या काळजीनं केलं असेल, आणि कायदा नात्यापेक्षा मोठा हे त्याला या वयात समजलं, तर तो भरती होणार यात मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी दारात. ठाणेदारसाहेब नवीन बदलून आलेले, मुंबईच्या पोलीस लाइनीत वाढलेले, अंबाडी त्यांच्या सात जन्मात पाहिलेली नाही. सोबतचे दोघं इकडचेच, पण तेही पान उलटंपालटं करून पाहत राहिले. धुऱ्यावर असती तर त्यांनी चालत्या गाडीतून ओळखली असती, पण चंदेरी भिंती, जांभळा उजेड आणि कूलरची हवा खाणारी अंबाडी त्यांनी तरी कुठं पाहिली होती? त्यातल्या एकानं चाचरत म्हटलं की साहेब, अंबाडीवानी दिसते. साहेब म्हणाले, अंबाडीला कोणी कुलूप लावतं का? मी म्हटलं, शेळ्या आहेत. साहेबांनी ते लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. मग त्यांनी माझा मोबाइल पाहिला. ते गरोदर मुलीचं वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी कंडक्टर असताना कोणाकडं तसं पाहिलं असतं तर तो माणूस चालत्या गाडीतून उतरला असता. तेव्हा मला पहिल्यांदा सांगण्यात आलं की तो दाढीवाला काय पिकवतो. दोन्हींचं पान दिसायला सारखं, बाकी काही म्हणजे काही सारखं नाही. मी ओट्यावर बसलोच. सगळा हिवाळा मी गांजेकसाच्या पायाशी बसून अंबाडी शिकलो होतो.

पण मी डगमगलो नाही. उठलो, पान तोडलं आणि साहेबांसमोर कचाकचा खाल्लं, की बघा, आंबट आहे. साहेब ओरडले, पुरावा खाऊ नका. मी दुसरं खाल्लं. बनाबाई कमरेला पदर खोचून मधे आली आणि म्हणाली, "साहेब, पोरीले डोहाये लागले हायेत. घेऊन जायाचं अशीन तर आमाले घेऊन जा, भाजी इथंच राहू द्या." पायल दारात उभी होती, पोटावर हात धरून, आणि तिचे डोळे भरलेले. साहेब जरा नरमले. त्यांची आई मूळची लातूरकडची, तिला त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल झाडांवर फिरवला. माउली पाहूनच म्हणाली, अरे ही तर अंबाडी, देठाला बारीक काटे आहेत का बघ, पान चावून बघ. साहेबांनी सगळ्यांदेखत पान चावलं, एक डोळा मिटला, आणि आईला म्हणाले की हो, आंबट आहे. त्यावर आईनं विचारलं की मग तिथं काय करतोस, जुडी घेऊन घरी ये. साहेब माणूस चांगला. पंचनाम्यात अंबाडी असं स्वच्छ लिहिलं, जुडी कागदात गुंडाळून नेली, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की काका, तो टीशर्ट मात्र फरशी पुसायला घ्या.

त्याच संध्याकाळी बनाबाईनं भाजी केली. कण्या, तुरीची डाळ, शेंगदाणे, वरून लसणाचं तेल. अन्वरभाईंच्या घरीही वाटी गेली. पायलनं पोटभर खाल्ली, बोटं चाटली, पोर अगदी तृप्त झाली. तेव्हा आता काळजीचं काही कारण उरलेलं नाही. गावातही सगळ्यांना खरं कळलं आहे, आणि मला आता लोक रस्त्यात थांबवून विचारतात की उन्हाळ्यात मेथी होईल का. म्हणून आपणास हात जोडून सांगणं की रविवारची गाडी सांगू नये, पोर इथं सुखात आहे, बाळंतपण सुखरूप होईल आणि खबर सर्वांत आधी तुम्हालाच कळवू. विहीणबाईंना पुन्हा जय भीम. लोभ आहेच, तो जरा वाढवावा.

आपला,
किसनराव

ता.क. एसटीचा माणूस पत्र न्यायला अजून यायचा आहे, म्हणून थोडं आणखी. बनाबाईनं हे पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "व्याह्याले एवढी लंबी पोथी लिवली अन मुद्द्याचं खोटं लिवलं." तिचं म्हणणं बरोबर आहे. बोटं चाटली ती मी. पायलनं दोन घास खाल्ले, आत्याला बरं वाटावं म्हणून छान झाली म्हणाली, आणि ताट सरकवून दिलं. नंतर न्हाणीघराच्या मागं जाऊन रडत होती. मी गेलो तर पदरानं डोळे पुसून म्हणाली, काही नाही बाबा, तिखट लागलं. भाजीत तिखट नव्हतं.

ता.ता.क. काल फार खोदून विचारलं तेव्हा बोलली. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिला तुमच्याकडं करमत नव्हतं, जेवण जात नव्हतं. तेव्हा विहीणबाईंनी तिला चुलीजवळ बसवून घेऊन अंबाडीची भाजी केली होती आणि पहिले घास स्वतःच्या हातानं भरवले होते. तिला तीच भाजी पाहिजे. आई आठवते का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, आईचा हात मले आता आठवतच नाही. आई म्हटलं की सासूबाईच डोळ्यांसमोर येतात." फोनवर हे बोलता येत नाही, कारण ती ऐकते आणि तिनं मला शपथ घातली आहे की सासूबाईंना त्रास देऊ नका, त्यांचा मोतीबिंदू आत्ताच काढला आहे. बापाला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण मी झोपेपर्यंत विचार केला आणि माझं समाधान झालं. ज्या पोरीला आई नव्हती तिला तुमच्या घरी आई मिळाली, याच्यापुढं माझं काय जाणार आहे?

तेव्हा वर जे रविवारची गाडी सांगू नये असं लिहिलं आहे ते खोडलं असं समजा. गाडी सांगा. विहीणबाईंना घेऊन या आणि बाळंतपण होईपर्यंत इथंच ठेवा. अंबाडी मी तोडलेली नाही, उभी आहे. जाताना मात्र गाडी रिकामी न्या.